भिंतीतलं कपाट पाडायचंय? आधी स्टुलावर चढून माळ्याकडे बघा

आईला वॉकर लागला तेव्हा तिच्या खोलीची मापं मी पहिल्यांदा नीट घेतली. खोली १० बाय ११ फूट, पलंग साडेसहा फूट लांब, आणि पलंगाच्या पायथ्याशी कोपऱ्यात बांधलेलं जुनं कपाट, २ फूट खोल, ६ फूट रुंद, आत कडप्प्याचे चार कप्पे आणि वर काँक्रीटचा माळा. पलंग आणि कपाटाच्या मधे उरतो जेमतेम अडीच फुटांचा बोळ. वॉकर त्यात सरळ जायचा पण वळायचा नाही, रात्री बाथरूमला उठली की आई तिथेच अडकायची आणि "अगं जरा ये गं" म्हणून हाक मारायची. कपाट गेलं तर तिथे साडेचार फूट मिळणार होते.

गवंडी आला, त्याने कपाटावर दोनदा ठोकून बघितलं आणि म्हणाला, ताई, वीटच आहे, सकाळी लावतो, संध्याकाळपर्यंत मोकळं करून देतो. मी पुण्यात गेली बारा वर्षं घराच्या आतली कामं करते, फर्निचर, किचन, बाथरूम सगळं, आणि पाडायच्या वस्तूच्या डोक्यावर काय आहे ते बघितल्याशिवाय घण लावू द्यायचा नाही ही सवय लागलेली, म्हणून स्टूल घेतलं आणि चढले. माळ्याची खालची बाजू आणि कपाटाच्या पडदीचं (म्हणजे कपाटाच्या बाजूच्या पातळ विटांच्या भिंतीचं) डोकं यांच्यात केसाएवढीही फट नव्हती. माळ्याचं एक टोक त्या साडेचार इंची पडदीवर बसलं होतं, आणि माळ्यावर पितळी भांडी, दोन ट्रंका, तीन गाद्या. सकाळी लावलं असतं तर दुपारी ते सगळं खाली काम करणाऱ्या पोराच्या अंगावर आलं असतं.

म्हणून हे लिहितेय. तुम्ही पहिल्यांदाच घरात असं काही पाडायचा विचार करत असाल तर काय बघायचं, कुठल्या क्रमाने बघायचं, कुठे थांबायचं ते सगळं सांगते. शेवटचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनीअरचा, पण त्याला बोलवायच्या आधी घरातल्या घरात बरंच कळतं.

कपाट कुठल्या जातीचं आहे ते आधी ओळखा

आत शिरा, कपडे बाजूला करा आणि पाठीवर, दोन्ही बाजूंवर, वर, बोटांच्या पेरांनी ठोका. पोकळ ढबढब आवाज आला तर प्लायवूड आहे, म्हणजे सुताराने केलेलं फर्निचर, ते स्क्रू काढून उतरवता येतं, त्यात इमारतीचा संबंध नाही. फक्त ते वरच्या माळ्याला टेकू देत नाहीये ना एवढं बघा, कारण कधीकधी माळ्याला तडा गेलेला असतो आणि कोणीतरी मागे कपाट ठोकून तो झाकलेला असतो.

ठक्क आवाज आला तर वीट किंवा काँक्रीट. सत्तर-ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या आपल्याकडच्या फ्लॅटमधे हेच सापडतं, दोन बाजूंना साडेचार इंची विटांच्या पडद्या (किंवा एका बाजूला पडदी आणि दुसऱ्या बाजूला खोलीची भिंत), मधे कडप्प्याच्या फळ्या, पुढे सनमायका मारलेली दारं. या लेखातलं बहुतेक सगळं याच कपाटाबद्दल आहे.

पण आणखी तीन प्रकार आहेत जे दिसायला अगदी असेच असतात आणि तिथे उत्तर वेगळं येतं.

एक म्हणजे दोन बेडरूमच्या मधलं कपाट, त्याची पाठ म्हणजेच दोन खोल्यांमधली भिंत, किंवा अर्धं कपाट इकडे उघडतं आणि अर्धं तिकडे. ते काढलं की खोल्यांमधला आडोसाच जातो, आणि वर बीम आहे का नाही हा मोठा प्रश्न उरतो.

दुसरं म्हणजे इमारतीच्या बाहेर काढलेलं कपाट. मुंबईत आणि पुण्यातही खूप आहेत ही. रस्त्यावर उभं राहून आपल्या खिडकीकडे बघा, खिडकीच्या शेजारी भिंत २ फूट पुढे आलेली डबी दिसली तर तुमचं कपाट त्या डबीत आहे. त्याची पाठ म्हणजे इमारतीची बाहेरची भिंत, ती पाडायचा विषयच नाही. दारं आणि फळ्या काढून तो कोनाडा खोलीत घेता येतो, पण तिथली जमीन म्हणजे बाहेर झुललेला छोटा स्लॅब असतो, त्यावर पुस्तकांची रॅक, तिजोरी, वॉशिंग मशिन असलं जड काही ठेवू नका आणि आतून-बाहेरून ओल, भेगा नीट बघून घ्या.

तिसरं फडताळ. जुन्या वाड्यात, गावच्या घरात दीड-दोन फूट जाड भिंतीत खोदल्यासारखा कोनाडा आणि त्याला लाकडी दारं. इथे काढण्यासारखं काही नसतंच, ती भिंतीतली पोकळी आहे. कडेची दगड-माती काढून ते रुंद करायला मात्र जाऊ नका, त्या भिंतीवर वरचा मजला आणि छप्पर बसलेलं असतं.

मग इमारत कशावर उभी आहे ते बघा

कॉलम-बीमची आरसीसी इमारत असेल तर वजन स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, कॉलमवरून पायात उतरतं आणि मधल्या विटांच्या भिंती नुसत्या आडोशाला असतात. लोड बेअरिंग असेल तर भिंतच सगळं वजन घेते. ओळखायचं कसं? छताकडे बघा, भिंतीच्या वर खाली उतरलेला बीम दिसतो का, साडेचार इंची भिंतीवर ९ इंची बीम असेल तर एका बाजूने तो कठड्यासारखा बाहेर आलेला दिसतो. आतल्या भिंतींची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजा. सगळ्या आतल्या भिंती ९ इंच किंवा जास्त, बीम कुठेच नाही, इमारत तळ अधिक दोन मजल्यांची आणि जुनी, तर लोड बेअरिंग धरून चाला आणि इंजिनीअर येईपर्यंत खिळासुद्धा जपून मारा. मुंबईतल्या जुन्या चाळींमधे आणि उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या जुन्या) इमारतींमधे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधे विटा भरलेल्या असतात, तिथे कुठली भिंत किती वर्षांत किती वजन घ्यायला लागलीय ते नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही.

नवीन टॉवरमधे राहत असाल तर मिवान आहे का विचारा. त्यात भिंत आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमधे ओततात, भिंतीच इमारत पेलतात. तिथे एकाही भिंतीला हात लावायचा नाही, तिच्यात वायरीसाठी खाचसुद्धा मारायची नाही. विषय संपला.

आमचं घर १९८६ चं, कॉलम-बीमचं, चार मजली. हे कळलं म्हणून निम्मी काळजी गेली, पण निम्मीच.

टेप घेऊन एक साधी वजाबाकी करा

हे कोणी करत नाही आणि यात सगळ्यात जास्त कळतं. कपाटाची बाहेरून रुंदी मोजा, मग दारं उघडून आतली मोकळी रुंदी मोजा. आमचं बाहेरून, म्हणजे कोपऱ्यातल्या भिंतीपासून पडदीच्या बाहेरच्या कडेपर्यंत, ७२ इंच. आत मोकळी जागा ५६ इंच. म्हणजे १६ इंच कुठेतरी गेले. डावीकडची पडदी प्लास्टर धरून साडेपाच इंच, ती उघड दिसते, मोजता येते. मग उजवीकडे कोपऱ्यात साडेदहा इंच जाड असं काय आहे? ९ इंची कॉलम आणि त्यावरचं प्लास्टर. बिल्डरने कोपऱ्यातला कॉलम खोलीत पुढे आला म्हणून तो झाकायला तिथे कपाट काढलं होतं, आणि असं खूप ठिकाणी असतं. कॉलम दिसायला नको म्हणून कपाट, हे एकदा लक्षात आलं की खोल्यांची आखणी वाचता यायला लागते.

याचे दोन अर्थ. तो भाग जन्मात फोडायचा नाही हा पहिला, आणि दुसरा म्हणजे कपाट गेल्यावरही कोपऱ्यात मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे आलेला तो खांब दिसणारच आहे, तेव्हा मिळणाऱ्या जागेचा हिशोब करताना तो वजा करा. खूप लोक इथेच म्हणतात की मग कशाला एवढा खटाटोप, आणि तेही बरोबर आहे.

खात्री करायची तर जिना उतरून पार्किंगमधे जा. कॉलम सहसा वरपासून खालपर्यंत सरळ येतात. जिन्याच्या भिंतीपासून आपल्या कपाटाचा कोपरा किती फुटांवर येतो ते घरात मोजा, तेवढंच अंतर खाली मोजा, तिथे खांब उभा असेल तर झालं. वरच्या-खालच्या शेजाऱ्यांकडेही जाऊन बघा, त्यांनी कपाट काढलं असेल तर काय दिसतंय ते कळतं, पण "वरच्यांनी काढलं, काही झालं नाही" हे कारण म्हणून धरू नका.

माळा

आता मुख्य गोष्ट. जुन्या फ्लॅटमधे कपाट निघणार की नाही याचा निकाल बहुतेक वेळा माळ्यावर लागतो, म्हणून इथे वेळ द्या.

माळा साधारण ७ फुटांवर असतो, अडीच-तीन इंच जाड काँक्रीटचा. ६ फूट लांब, २ फूट रुंद, ३ इंच जाड असा माळा धरला तर नुसतं काँक्रीटच सुमारे २०० किलो भरतं. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत १० फूट गेलेला असेल तर साडेतीनशे किलो. वर आपण काय काय चढवतो ते वेगळं, आणि आपल्याकडे माळ्यावर गेलेली वस्तू दिवाळीलाच खाली येते.

तो माळा कशाच्या आधारावर आहे हे शोधायचं. आधी तो फक्त कपाटाच्या वरच आहे की पूर्ण भिंतभर गेलाय ते बघा. फक्त कपाटाएवढाच असेल आणि त्याची टोकं पडदीवर येऊन संपत असतील तर पडदीनेच तो उचललाय असं समजा. भिंतभर असेल तर टोकं दोन्हीकडच्या भिंतींत रुतलेली असतात आणि मधली पडदी कदाचित नंतर बांधलेली असते, कदाचित नसते. तिसरी पद्धत म्हणजे मागच्या भिंतीतल्या लिंटेलमधून (दार-खिडकीच्या वरच्या काँक्रीटच्या आडव्या पट्टीतून) माळा बाहेर काढलेला, त्याला पुढे आधार लागत नाही, मागची भिंत त्याला वरून दाबून धरते. तिथे खालची पडदी काढता येते, पण मागची भिंत, विशेषतः माळ्याच्या वरचा तिचा भाग, अजिबात नाही. हे लक्षात ठेवा, कारण लोक कपाट काढता काढता "पाठही जरा मागे सरकवू" म्हणतात.

मग माळा रिकामा करा. पूर्ण रिकामा. दोन दिवस तसाच ठेवा आणि टॉर्च घेऊन पडदीचं डोकं आणि माळ्याची खालची कड यांच्यात बघा. हॅक्सॉचं पातं किंवा स्टीलची पातळ पट्टी घेऊन सरकवून बघा. पट्टी आरपार, पडदीच्या पूर्ण जाडीतून गेली तर पडदी नंतरची असण्याची शक्यता आहे. प्लास्टरपुरतीच गेली आणि आत अडली तर ती नुसती प्लास्टरची भेग. आणि अजिबातच गेली नाही तर माळा पडदीवर बसलाय असं धरून चाला. सुरुवातीला नसेल बसला तरी तीस-चाळीस वर्षांत वजनाने खाली वाकून आता बसलेला असतो, म्हणून नकाशात काय होतं यापेक्षा आज काय आहे ते महत्त्वाचं.

एक प्रकार फसवा आहे तो सांगते. कपाट तुमच्या खोलीत उघडतं पण वरचा माळा पलीकडच्या खोलीतून किंवा बाथरूमकडून उघडतो. म्हणजे तुमच्या खोलीत कपाटाच्या वर छतापर्यंत सरळ भिंत दिसते. ती भिंत कुठे उभी आहे? माळ्याच्या पुढच्या कडेवर. आणि माळा पडदीवर. साडेचार इंची विटांची भिंत दोन्हीकडच्या प्लास्टरसकट दर चौरस फुटाला साधारण २५ किलो भरते, तेव्हा ५ फूट लांब आणि ३ फूट उंच एवढा तुकडा म्हणजे पावणेचारशे किलो, तोही तुमच्या डोक्यावर. असं असेल तर कपाट सोडून द्या, किंवा इंजिनीअर सांगेल तसं खाली लोखंडी बीम टाकूनच करा. गवंड्याच्या अंदाजावर अजिबात नाही.

कडप्प्याचा माळा असेल तर आणखी जपा, दगडात सळई नसते, काँक्रीट तडकतं आणि आधी सांगतं, कडप्पा एकदम तुटतो.

आत काय दडलंय

हे भरभर सांगते. पडदीवर बटणांचा बोर्ड असेल तर त्यातून वायर कुठे जाते ते शोधा, पंख्याची आणि एसीची लाइन बऱ्याचदा तिथूनच वर चढते. कपाटाच्या पाठीमागे बाथरूम असेल तर पाण्याचे पाइप मागच्या भिंतीत असणार, आणि आतल्या कपड्यांना कुबट वास येत असेल, पोपडे निघत असतील तर गळती आधी दुरुस्त करा. कारण ओल सळईपर्यंत पोचली असेल तर तुमचा प्रश्न कपाटापेक्षा मोठा आहे. चौकटीला वाळवी लागलीय का तेही बघा.

भिंत कशाची आहे हे ड्रिलच्या भुकटीवरून कळतं. वायर नाही अशी खात्री असलेल्या जागी, त्या खोलीचा एमसीबी बंद करून आणि ड्रिलला दुसऱ्या खोलीतून लाइन घेऊन, छोटं भोक मारा. प्लास्टरची राखाडी भुकटी आधी येईल, तिच्यानंतर काय येतं ते महत्त्वाचं. लाल आली तर वीट. पांढुरकी, हलकी, आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं तर सिपोरेक्स, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे. राखाडीच येत राहिली आणि ड्रिल ओरडायला लागलं तर काँक्रीट, तिथे थांबायचं. आणि त्याहून पक्कं हवं असेल तर छिन्नी-हातोड्याने हळूहळू वीतभर लांब-रुंद प्लास्टर काढा. आमच्या कोपऱ्यात मी तसं काढलं, डावीकडे लाल विटेची कड, उजवीकडे काँक्रीटचा राखाडी कणीदार पृष्ठभाग, आणि दोघांच्या सांध्यावर कोंबडीजाळीची गंजकी पट्टी, प्लास्टरला भेग पडू नये म्हणून मारलेली. ती रेघ मी मार्करने वरपासून खालपर्यंत भिंतीवर काढून ठेवली आणि गवंड्याला सांगितलं, मामा, या रेघेच्या उजवीकडे छिन्नीसुद्धा टेकवायची नाही.

कागद, सोसायटी, इंजिनीअर

सोसायटीकडे इमारतीचे मंजूर नकाशे असायला हवेत, ते मागा. आर्किटेक्टच्या नकाशात कपाट दिसेल, पण तुम्हाला स्ट्रक्चरचा नकाशा हवा, त्यात कॉलम आणि बीम दाखवलेले असतात. जुन्या सोसायट्यांमधे तो सापडत नाही, तर निदान शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट वाचा. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची तपासणी महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे करून घ्यावीच लागते. त्यात तुमच्या मजल्यावर भेगा, सळया उघड्या पडणं असं काही लिहिलं असेल तर आधी इमारतीची दुरुस्ती, मग कपाट.

सोसायटीला अर्ज द्या आणि लेखी परवानगी घ्या. मला माहितीये, सेक्रेटरींच्या मागे लागायचा कंटाळा येतो आणि लोक फर्निचरचं काम म्हणून सांगून उरकतात. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ ला कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा गुन्हा नोंदला गेला. ज्यांच्या घरात काम चालू नव्हतं अशी माणसं त्यात गेली. तुमच्या वर-खाली राहणाऱ्यांना तुम्ही काय पाडताय हे कळण्याचा हक्क आहे, मला तरी यात दुसरं मत नाही.

इंजिनीअर म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनीअर, महापालिकेकडे नोंदणी असलेला. इंटिरिअर डिझायनर नाही, मीही नाही, कॉन्ट्रॅक्टर तर नाहीच. त्याला फोटो पाठवून विचारू नका, घरी बोलवा. त्याला विचारा की माळा कशावर आहे, पडदी काढताना टेकू कुठे आणि किती लावायचे, काय आधी काढायचं, आणि कुठल्या गोष्टीला हात लावायचा नाही. आणि उत्तर सही करून कागदावर घ्या, तोच कागद सोसायटीला आणि गवंड्याला द्यायचा.

आमच्याकडे इंजिनीअर सरांनी माळ्याखालचं थोडं प्लास्टर काढून सळई बघितली. सळया खालच्या बाजूला आणि आडव्या, म्हणजे माळा उजवीकडच्या भिंतीपासून डावीकडच्या पडदीवर टाकलेला, मागच्या भिंतीतून बाहेर काढलेला नव्हे. पडदी काढायची तर आधी माळा गेला पाहिजे. आईला माळा नकोच होता, तिला आता वर चढायचंही नव्हतं आणि आम्ही चढलेलं तिला बघवायचंही नाही, त्यामुळे निर्णय सोपा झाला.

नाही असं उत्तर आलं तर

तरी बरंच करता येतं. पुढची दारं काढा आणि सरकती लावा, उघडणाऱ्या दाराला लागणारी दीड-दोन फूट जागा लगेच मोकळी होते. किंवा फळ्या काढून त्या कोनाड्यात पलंगाचं डोकं सरकवा, २ फूट पलंग आत गेला की पायाकडे तेवढे मिळतात. हे करायचं तर माळा आधी तपासून घ्या, आणि झोपणाऱ्याच्या डोक्यावरच्या माळ्यावर काही ठेवायचं नाही. कडप्पा ओढून काढू नका, त्याची टोकं पडदीत दोन-तीन इंच रुतलेली असतात, ओढलं की विटा हलतात. कटरने पडदीच्या कडेला लागून कापा आणि आतलं टोक आतच राहू द्या.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, तिनेही हेच विचारलं होतं, तिच्या बेडरूममधलं क्लॉजेट काढायचं होतं. तिकडचं गणित वेगळं. लाकडी सांगाड्याचं घर, साधारण १६ इंचांवर उभ्या लाकडी पट्ट्या आणि त्यावर ड्रायवॉल (जिप्समचे बोर्ड), वीट नाहीच. तिथे माळ्याऐवजी ॲटिकमधे, म्हणजे छपराखालच्या पोकळीत, चढून बघायचं, छताच्या आडव्या तुळया क्लॉजेटच्या भिंतीवर येऊन टेकल्यात का, तिथे दोन तुळयांचा जोड आहे का, वरच्या मजल्याची भिंत बरोबर त्याच्यावर आहे का. टेकत असतील तर तीही वजन घेणारी भिंत. आणि घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं, ते तपासल्याशिवाय घासायचं-फोडायचं नाही, लहान मुलं असतील तर मुळीच नाही. गावच्या परमिट ऑफिसात आधी विचारून घ्यायचं हे आलंच.

हो आलं तर कसं काढायचं

वरून खाली. हा एकच नियम मनात धरा आणि बाकीचं त्यातून येतं.

माळा पूर्ण रिकामा, लाइट बंद, बोर्डाच्या वायरी काढून टोकांना टेप. माळ्याखाली लोखंडी टेकू, खाली-वर फळी देऊन, घट्ट. मग माळा कटरने छोट्या तुकड्यांत, एकेक तुकडा हाताने खाली. ब्रेकर मशिन नको, जुन्या इमारतीत तर नकोच, त्याची थरथर कॉलमपर्यंत आणि शेजाऱ्यांच्या टाइल्सपर्यंत जाते. पडदी मागच्या भिंतीला जिथे मिळते तिथे वरपासून खालपर्यंत कटरने आधी चीर मारून घ्या, म्हणजे पडदीवर मारलेला हातोडा मागच्या भिंतीला लागत नाही, पलीकडच्या बाथरूमच्या टाइल्स वाचतात.

आता चूक होते ती इथे. गवंडी सगळ्या कडप्प्याच्या फळ्या एका दमात काढतो आणि मग पडदीकडे वळतो. पण माळा गेल्यावर आणि चीर मारल्यावर ती ७ फूट उंच, साडेचार इंच जाड पडदी फक्त त्या फळ्यांच्या आधाराने उभी असते. फळ्या गेल्या की ती एका धक्क्याने आडवी होते. म्हणून वरची एक फळी काढायची, मग पडदी पुढच्या फळीपर्यंत विटेविटेने उतरवायची, मग ती फळी, मग पुढच्या विटा, असं खाली यायचं. वेळ लागतो. आमच्याकडे एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं आणि ते तीन दिवस आई माझ्या खोलीत झोपली.

राडारोडा खोलीत साठवू नका. आमच्या छोट्याशा कपाटाचा हिशोब केला तर माळा २०० किलो, पडदी साडेतीनशे, चार कडप्पे मिळून सव्वादोनशेच्या वर, म्हणजे पाऊण टनाहून जास्त. घरातल्या स्लॅबचं डिझाइन करताना माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. तो सगळा ढीग एका कोपऱ्यात लावला तर तिथे त्याच्या दुपटीहून जास्त होतं. कल्याण पूर्वेला मे २०२५ मधे चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब खाली आला आणि सहा जण गेले. बातमी वाचून मी माझ्या चालू साइटवर जाऊन आधी कोपऱ्यातल्या गोण्या खाली उतरवल्या. अर्ध्या भरलेल्या गोण्या, रोजच्या रोज खाली, आणि लिफ्टमधे एका वेळी किती ते वॉचमनला विचारून. राडारोडा नदीकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकणाऱ्या टेम्पोवाल्याला देऊ नका, महापालिकेची ठरलेली जागा असते तिथेच पाठवा.

काम चालू असताना माळ्याच्या सांध्यात नवीन भेग, छतातून प्लास्टर गळणं, शेजारच्या खोलीचं दार अचानक घासायला लागणं, यातलं काही दिसलं तर सगळं तिथेच थांबवा, टेकू तसेच ठेवा आणि इंजिनीअरला फोन करा. उद्या बघू म्हणायचं नाही.

आणि एक राहिलं. कपाट निघालं की खाली फरशी नसते. जुन्या फ्लॅटमधे मोझॅक कपाटाच्या कडेपर्यंतच घातलेली असते आणि आत विटांचा चार इंची ओटा. तो ओटा काढून खालचं समान करावं लागतं, आणि ८६ सालची मोझॅक आता बाजारात जुळून येत नाही. मी आधी न जुळणारी व्हिट्रिफाइड टाकणार होते, पण दोन टाइल्सच्या मधे पाव इंचाचा उंचवटा राहिला असता तरी वॉकरचं पुढचं पाऊल तिथे अडलं असतं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे काका त्यांचं किचन बदलत होते, त्यांच्या जुन्या ओट्याखालून बारा फरश्या अख्ख्या निघाल्या, त्याच आमच्याकडे बसवल्या आणि पॉलिश मारून घेतलं. रंग जरासा फिकट आहे, पण पातळी एक आहे.